वाळवंटातील धूळ आणि समुद्रातील नील-हरित जीवाणू : अरबी समुद्राच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यात विद्राव्य लोहाचे प्रमाण अत्यल्प असते. या पाण्यात राहणाऱ्या नील-हरित जीवाणूंना मात्र प्रकाशसंश्लेषण आणि नत्र-स्थिरीकरण या दोन्ही क्रियांसाठी लोह लागते. वाळवंटातून वाऱ्याबरोबर येणारी खनिज धूळ हा त्यांच्यासाठी लोहाचा एक प्रमुख स्रोत होय. ‘ट्रायकोडेस्मियम’ या वसाहत करून राहणाऱ्या नील-हरित जीवाणूने ही धूळ पकडण्याची, निवडण्याची आणि विरघळविण्याची जी पद्धती विकसित केली आहे, तिचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. अरबी समुद्रातील परिस्थिती, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कार्य आणि समुद्रास कृत्रिमरीत्या लोह पुरविण्याचे प्रयोग यांचाही ऊहापोह येथे केला आहे.

प्रस्तावना

कोल्हापूर परिसरातील ऊस उत्पादकाला ‘केवडा’ हा शब्द चांगला परिचित आहे. चुनखडीयुक्त जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि पिकाची वाढ खुंटते. याचे कारण लोहाची कमतरता हे असते. मात्र त्या जमिनीचे पृथक्करण केल्यास तिच्यात लोह भरपूर असल्याचे आढळते. अडचण अशी की, विम्लधर्मी जमिनीत लोह अविद्राव्य स्वरूपात अडकून पडते आणि मुळांना ते शोषून घेता येत नाही. म्हणून शेतकरी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, शेणखतात मुरवून जमिनीत देतो किंवा त्याची पानांवर फवारणी करतो. शेणखतातील सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात व ते पिकाला उपलब्ध होण्यास मदत करतात.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील राधानगरी, शाहूवाडी आणि गगनबावडा या तालुक्यांत आढळणारा जांभा दगड हे याचेच दुसरे उदाहरण होय. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. हजारो वर्षे मुसळधार पाऊस झेलूनही हे लोह वाहून गेलेले नाही. उलट इतर विद्राव्य घटक धुऊन गेल्यामुळे त्याचे प्रमाण वाढले आहे. लोह विपुल असणे आणि ते सजीवांना उपलब्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतीसृष्टीपुढे हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा असतो.

समुद्रातील लोहाचे दुर्भिक्ष्य

भूकवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे. ऑक्सिजन, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्यानंतर त्याचा चौथा क्रमांक लागतो. असे असूनही खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावरील एक लिटर पाण्यात विद्राव्य लोह बहुधा एक नॅनोमोलपेक्षाही कमी असते. एक नॅनोमोल लोह म्हणजे सुमारे ५६ नॅनोग्रॅम. या हिशेबाने एक हजार घनमीटर समुद्रजलात सर्व मिळून फार तर ५६ मिलिग्रॅम लोह विरघळलेले असते.

या दुर्भिक्ष्याचे कारण रासायनिक आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असून पृष्ठभागावर ऑक्सिजन मुबलक असतो. अशा पाण्यात फेरस लोहाचे त्वरित ऑक्सिडीकरण होऊन फेरिक लोह तयार होते आणि त्याचा गंजासारखा अविद्राव्य साका बनतो. तो कणांना चिकटून तळाकडे जातो. जे थोडे लोह द्रावणात टिकते, ते जवळजवळ सर्वच सेंद्रिय रेणूंशी बद्ध असते.

पृथ्वीच्या इतिहासात नेहमीच अशी स्थिती नव्हती. ऑक्सिजनविरहित आदिम महासागरात फेरस लोह मोठ्या प्रमाणावर विरघळलेले होते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात ऑक्सिजन साठू लागला आणि तो निर्माण करणारे सजीव हे नील-हरित जीवाणूंचे पूर्वजच होते. समुद्रातील लोह ऑक्सिडीकृत होऊन तळाशी बसले. जगातील पट्टित लोहस्तरांच्या निर्मितीशी ही घटना निगडित आहे. गोव्यातील खनिज लोहाचे साठेही अशाच प्राचीन पट्टित लोहस्तरांपासून बनलेले आहेत. ज्या सजीवांच्या प्रकाशसंश्लेषणाने समुद्रातील लोह हिरावून घेतले, त्यांच्याच वंशजांना आज लोहाच्या टंचाईत दिवस काढावे लागत आहेत. त्यांच्या पेशीतील यंत्रणा लोहाच्या सुबत्तेच्या काळात घडली. म्हणूनच त्यांची लोहाची गरज मोठी राहिली.

लोहाच्या टंचाईमुळे समुद्राच्या मोठ्या भागातील वनस्पतिप्लवकांची वाढ मर्यादित राहते, ही कल्पना अमेरिकन समुद्रवैज्ञानिक जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रभावीपणे मांडली. हिमयुगात वारे अधिक धुळीचे होते, त्या धुळीतील लोहामुळे सागरी वनस्पती वाढल्या व त्यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला, अशी त्यांची मांडणी होती. १९९३ मध्ये मार्टिन यांचे निधन झाले. त्याच वर्षी विषुववृत्तीय प्रशांत महासागरात झालेल्या पहिल्या क्षेत्रीय प्रयोगात लोह मिसळताच वनस्पतिप्लवकांची वाढ झाल्याचे दिसून आले.

ट्रायकोडेस्मियम : परिचय

नील-हरित जीवाणू हे नाव मराठी वाचकाला ‘नील-हरित शैवाल’ या रूपात अधिक परिचित असेल. भातखाचरात नत्राचा पुरवठा करणारे नॉस्टॉक व ॲनाबिना, तसेच अझोलाच्या पानात वास्तव्य करणारा त्याचा सहजीवी, हे सर्व याच गटातील होत. सांडपाण्यातून नत्र व स्फुरद मिळाले की रंकाळ्यासारख्या तलावाचे पाणी ज्यांच्या वाढीमुळे हिरवेगार होते, तेही याच गटातील सजीव आहेत. तलावात पोषणद्रव्यांचा अतिरेक हा प्रश्न असतो, तर खुल्या समुद्रात त्यांचा तुटवडा हा प्रश्न असतो.

सागरी नील-हरित जीवाणूंत प्रोक्लोरोकॉकस व सिनेकोकॉकस हे अतिसूक्ष्म एकपेशीय प्रकार संख्येने सर्वाधिक आहेत. ट्रायकोडेस्मियमचे स्वरूप मात्र वेगळे आहे. याच्या पेशी एकापुढे एक जोडल्या जाऊन तंतू बनतात आणि असे अनेक तंतू एकत्र येऊन वसाहत तयार होते. काही वसाहतींत तंतू समांतर असतात व त्या गवताच्या पेंढीसारख्या दिसतात. काहींत ते केंद्रापासून सर्व दिशांना पसरतात व वसाहतीला कापसाच्या बोंडासारखा गोल आकार येतो. या वसाहती मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठ्या असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसतात. पेशींतील वायुपुटिकांमुळे त्या तरंगतात. शांत हवेत त्या पृष्ठभागावर जमा झाल्या की समुद्रावर लाकडाचा भुसा पसरल्यासारखे दिसते. कॅप्टन कुक यांच्या १७७० मधील सफरीत खलाशांनी याला समुद्रातील भुसा असेच म्हटले होते. जर्मन निसर्गवैज्ञानिक एरेनबर्ग यांनी तांबड्या समुद्रातील नमुन्यांवरून १८३० मध्ये या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन केले.

ट्रायकोडेस्मियम हवेतील नत्राचे स्थिरीकरण करतो, हे १९६१ मध्ये सारगासो समुद्रातील अभ्यासावरून पुढे आले. नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनमुळे निकामी होते. नॉस्टॉकसारख्या सजीवांत त्यासाठी जाड भित्तीच्या स्वतंत्र पेशी असतात. ट्रायकोडेस्मियममध्ये तशा पेशी नाहीत, तरीही तो दिवसा, प्रकाशसंश्लेषण चालू असतानाच, नत्र स्थिर करतो.

या दुहेरी कामाची किंमत लोहाच्या रूपाने मोजावी लागते. नायट्रोजिनेजच्या पूर्ण संकुलात लोहाचे ३८ अणू असतात. प्रकाशसंश्लेषणाच्या पहिल्या प्रकाशप्रणालीच्या प्रत्येक एककात लोहाचे १२ अणू लागतात. त्यामुळे केवळ प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्लवकापेक्षा नत्र स्थिर करणाऱ्या सजीवाची लोहाची गरज कितीतरी अधिक असते. नत्राच्या बाबतीत स्वावलंबी झालेला हा सजीव लोहाच्या बाबतीत मात्र परावलंबी ठरतो.

अरबी समुद्राची विशेष परिस्थिती

अरबी समुद्रात साधारणपणे १५० ते १००० मीटर खोलीच्या दरम्यान ऑक्सिजन जवळजवळ नसलेला विस्तृत थर आहे. या थरातील जीवाणू श्वसनासाठी नायट्रेटचा वापर करतात व त्याचे नत्रवायूत रूपांतर होते. यास विनत्रीकरण असे म्हणतात. यामुळे अरबी समुद्र सतत उपयुक्त नत्र गमावत असतो; स्फुरद मात्र तसाच राहतो. सागरी प्लवकांना नत्र व स्फुरद साधारणपणे १६ : १ या प्रमाणात लागतात. नत्र कमी आणि स्फुरद तुलनेने जास्त, अशा पाण्यात नत्र स्थिर करू शकणाऱ्या सजीवाला वाव मिळतो. अट एवढीच की, त्याला लोह मिळाले पाहिजे.

अरबी समुद्राला तिन्ही बाजूंनी शुष्क भूभागाने वेढले आहे. अरबस्तान, आफ्रिकेचे शिंग, इराण व बलुचिस्तानची किनारपट्टी आणि थरचे वाळवंट येथून उडणारी धूळ या समुद्रावर पडते. धुळीचे प्रमाण उन्हाळ्यात वाढत जाते व जून-जुलैमध्ये ते सर्वाधिक असते. हिवाळ्यातही अधूनमधून वादळे येतात. २३ जानेवारी २०२२ रोजी अशाच एका वादळाची धूळ मुंबई व पुण्यापर्यंत पोहोचली होती. शहरातील नागरिकांसाठी तो श्वसनाला त्रासदायक असा दिवस होता. तीच धूळ वाटेतील समुद्रावरही पडत होती. हिवाळ्यातील अशा वादळांनंतर अरबी समुद्रात काही वेळा वनस्पतिप्लवकांची वाढ होते, असे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील प्रियांका बॅनर्जी व एस. प्रसन्नकुमार यांनी २०१४ मध्ये उपग्रहीय व अन्य माहितीच्या आधारे दाखविले.

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या व दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेने ट्रायकोडेस्मियमच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा जपली आहे. देवसी, भट्टथिरी व कासिम यांनी गोव्याच्या परिसरातील ट्रायकोडेस्मियमच्या बहराविषयीचे आपले निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. पश्चिम किनाऱ्यावर हा बहर प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे या काळात येतो. त्या वेळी वारे मंद असतात, पाणी उबदार व स्थिर असते आणि वरच्या थरातील नायट्रेट संपुष्टात आलेले असते. १९९५ च्या मे महिन्यात मध्य अरबी समुद्रातही आंतरराष्ट्रीय संशोधन-सफरीत फार मोठ्या क्षेत्रावर पसरलेला बहर आढळला. पावसाळ्याचे जोरदार वारे सुरू झाले की पाणी घुसळले जाते आणि हा बहर ओसरतो. म्हणजे धुळीचा सर्वाधिक वर्षाव आणि ट्रायकोडेस्मियमचा बहर यांचे महिने पूर्णपणे जुळत नाहीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीची धूळ त्याच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरते. किनाऱ्यालगत नद्यांचा गाळ आणि खंडमंचावरील अवसाद यांतूनही लोह मिळते, हेही लक्षात घेतले पाहिजे. किनाऱ्यापासून जसजसे दूर जावे, तसतसे धुळीचे महत्त्व वाढते.

धूळ समुद्रात पडते तेव्हा

खनिज धुळीत वजनाने सरासरी ३.५ टक्के लोह असते. त्याचा फारच थोडा भाग, साधारणपणे एक-दोन टक्के, पाण्यात सहज विरघळतो. धुळीचे मूळ, तिचा वातावरणातील प्रवास व आम्लधर्मी प्रदूषकांशी आलेला संपर्क यांनुसार हे प्रमाण बरेच बदलते. एक साधा हिशेब करून पाहता येईल. एक ग्रॅम धुळीत ३५ मिलिग्रॅम लोह असते. त्यातील एक टक्का विरघळला, तर ०.३५ मिलिग्रॅम लोह पाण्यात येईल. एक नॅनोमोल या पातळीने ते सुमारे सहा घनमीटर पाण्याला पुरेल. उरलेले ९९ टक्के लोह कणांतच बंदिस्त राहील.

हे कण पृष्ठभागावर फार काळ थांबत नाहीत. स्थिर पाण्यात १० मायक्रोमीटर व्यासाचा खनिज कण दिवसाला सात-आठ मीटर खाली जातो. म्हणजे ५० मीटर जाडीचा प्रकाशित थर तो साधारण आठवडाभरात ओलांडतो. एकदा तो अंधाऱ्या थरात गेला की प्रकाशावर जगणाऱ्या सजीवांना त्याचा उपयोग राहत नाही. एखाद्या सजीवाने हा कण वरच्या थरात अडवून ठेवला आणि त्यातील आणखी एक टक्का लोह जरी सोडवून घेतले, तरी त्या धुळीपासून मिळणारे लोह दुप्पट होते. ट्रायकोडेस्मियमच्या वसाहती नेमके हेच करतात.

धुळीतून लोह मिळविण्याची पद्धती

लहान पेशीला विरघळलेली पोषणद्रव्ये शोषणे सोपे जाते. कारण तिच्या आकारमानाच्या तुलनेत तिचा पृष्ठभाग मोठा असतो. या दृष्टीने पाहता मिलिमीटरभर आकाराची वसाहत करणे तोट्याचे वाटते. दाट वसाहतीच्या आतील पेशींपर्यंत विद्राव्य लोह पोहोचणेही कठीण असते. तथापि कण पकडण्याच्या कामी मोठी, तंतुमय व तरंगती वसाहत फार उपयुक्त ठरते. तिचे कार्य पुढील टप्प्यांनी समजून घेता येते.

(अ) पकड : वसाहतीच्या बाहेर पसरलेल्या तंतूंवर व त्यांभोवतीच्या श्लेष्मल द्रव्यावर धुळीचे कण चिकटतात.

(आ) स्थानांतर : जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील येएला शाकेद व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकाबाच्या आखातातून गोळा केलेल्या वसाहतींवर प्रयोग केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे दिसले की, कडेला चिकटलेले कण काही काळाने वसाहतीच्या केंद्राकडे नेले जातात. ट्रायकोडेस्मियमचे तंतू एकमेकांवरून सरकू शकतात. या सरकण्यातूनच कण आत ओढले जातात.

(इ) निवड : याच संशोधक-गटाने २०२० मध्ये आणखी एक बाब दाखविली. वसाहतींना लोहयुक्त आणि लोहविरहित असे दोन्ही प्रकारचे कण दिले असता त्यांनी लोहयुक्त कण राखून ठेवले व लोहविरहित कण मोठ्या प्रमाणात सोडून दिले. मेंदू किंवा मज्जासंस्था नसलेल्या सजीवाच्या बाबतीत ‘निवड’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. कणाच्या पृष्ठभागाची रासायनिक जाणीव होऊन तंतूंच्या हालचालीत होणारा बदल, असा त्याचा अर्थ घ्यावयाचा आहे. परंतु परिणाम निवडीसारखाच होतो. निरुपयोगी कणांचा भार वाहिला तर वसाहत बुडण्याचा धोका असतो. म्हणून ही क्षमता तिच्या अस्तित्वाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

(ई) विद्रावण : किरणोत्सारी लोहाने चिन्हांकित केलेली खनिजे वापरून केलेल्या प्रयोगांत, अखंड वसाहतींच्या सान्निध्यात खनिज लोह अधिक वेगाने विरघळते व पेशींत शोषले जाते, असे आढळले. सुट्या तंतूंना हे तितक्या परिणामकारकपणे साधत नाही. केंद्रभागी कण कोंडला गेल्यामुळे त्यातून सुटणारे लोह आजूबाजूच्या समुद्रात पसरून वाया जात नाही. ते लगतच्या पेशींनाच मिळते.

(उ) शोषण : लोह सेंद्रिय रेणूंशी बद्ध स्वरूपात पेशीजवळ येते. फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण करून ते पेशीत घेतले जाते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांवरून दिसते.

सहवासी जीवाणूंचा वाटा

ट्रायकोडेस्मियमची वसाहत ही एकाच प्रजातीची वस्ती नसते. तिच्यात इतर अनेक जीवाणू राहतात. पूर्व अरबी समुद्रातील बहरामध्ये आढळणाऱ्या या जीवाणूंची गणना व त्यांची संभाव्य भूमिका यांविषयीचा अभ्यास सुभजित बसू, एस. जी. प्रभू मातोंडकर व आयरिन फुर्तादो यांनी गोव्यात केला व तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे बसू, मातोंडकर, शाकेद व अन्य सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या सहवासाचा उलगडा अधिक स्पष्टपणे झाला.

अनेक जीवाणू लोहाच्या टंचाईत ‘सिडेरोफोर’ नावाची संयुगे स्रवतात. यांना मराठीत लोहग्राही संयुगे म्हणता येईल. ही संयुगे फेरिक लोहाला अतिशय घट्ट पकडतात व खनिजाच्या पृष्ठभागावरून ते सोडवून द्रावणात आणतात. ट्रायकोडेस्मियम स्वतः अशी संयुगे तयार करीत असल्याचे आढळलेले नाही. त्याचे सहवासी जीवाणू मात्र ती तयार करतात. वसाहतीत अशी संयुगे आढळली आणि ती बाहेरून पुरविली असता धुळीतील लोहाचे शोषण वाढले. लोह सुटल्यावर त्याचा लाभ ट्रायकोडेस्मियम व जीवाणू या दोघांनाही होतो. धूळ पकडून केंद्रात आणणे, तरंगत राहणे आणि स्थिर केलेला नत्र व कार्बन पुरविणे हे काम ट्रायकोडेस्मियम करतो. लोह सोडविण्याचे काम जीवाणू करतात.

शेणखतात मुरविलेल्या हिराकसाशी या व्यवस्थेचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. दोन्ही ठिकाणी सेंद्रिय रेणू लोहाला धरून ठेवतात व त्याचा अविद्राव्य साका होऊ देत नाहीत. भेद एवढाच की, शेतात ही योजना माणूस करतो, तर वसाहतीत ती सजीवांच्या परस्परावलंबनातून घडून येते.

स्फुरद आणि धुळीचे घातक घटक

धुळीत लोहाबरोबर स्फुरदही असतो. उत्तर अटलांटिकसारख्या ज्या समुद्रात धूळ भरपूर पडते, तेथे लोहापेक्षा स्फुरदाची टंचाई अधिक जाणवते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ट्रायकोडेस्मियमच्या वसाहती स्फुरदयुक्त कणांनाही प्राधान्य देतात. म्हणजे ही पद्धती एकाच मूलद्रव्यापुरती मर्यादित नाही.

प्रत्येक धूळ सर्व सजीवांना हितकारक असते, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. हवेतील कणांत तांब्याचे प्रमाण अधिक असल्यास सिनेकोकॉकससारख्या लहान नील-हरित जीवाणूंची वाढ खुंटते, हे २००९ मध्ये तांबड्या समुद्रातील पाण्यावर केलेल्या प्रयोगांत दिसून आले. एकाच धुळीमुळे एका प्रजातीचा बहर येऊ शकतो व दुसरीची पीछेहाट होऊ शकते. प्लवकांची रचना बदलली की त्यांवर जगणाऱ्या प्राण्यांचे अन्नही बदलते. ट्रायकोडेस्मियमला खाणारे प्राणी थोडे आहेत. त्यामुळे त्याने स्थिर केलेला नत्र मुख्यतः पाण्यात झिरपून किंवा बहर कुजल्यानंतर इतर प्लवकांना मिळतो. मासळीपर्यंत पोहोचणारी ही साखळी अशी वळणावळणाची आहे.

मानवी हस्तक्षेप : लोहाफेक्स प्रयोग

समुद्राला लोह कमी पडते, तर ते माणसानेच का पुरवू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. समुद्रात लोह टाकून हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी करण्याची कल्पना यातूनच पुढे आली. भारतानेही या प्रश्नाचा प्रत्यक्ष शोध घेतला आहे. ‘लोहाफेक्स’ हा भारत-जर्मनी संयुक्त प्रयोग जानेवारी ते मार्च २००९ या काळात दक्षिण महासागराच्या अटलांटिक विभागात झाला. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टर्न’ या जहाजावरून तो केला, एस. डब्ल्यू. ए. नक्वी व व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख वैज्ञानिक होते. प्रयोगाच्या नावातील ‘लोहा’ हा शब्द भारतीय भाषांतून घेतलेला आहे. सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात फेरस सल्फेट, म्हणजे ऊस उत्पादकाचे हिराकसच, मिसळण्यात आले.

या प्रयोगाला पर्यावरणवादी संघटनांनी विरोध केला. जर्मन शासनाने तो काही दिवस थांबवून परीक्षणानंतर परवानगी दिली. निष्कर्ष उद्बोधक ठरला. वनस्पतिप्लवक वाढले खरे, परंतु त्या पाण्यात सिलिसिक आम्ल कमी असल्याने जड कवचाचे डायाटम वाढू शकले नाहीत. जे लहान प्लवक वाढले, ते कोपेपॉडसारख्या प्राणिप्लवकांनी खाऊन टाकले. खोल समुद्रात जाऊन साठलेल्या कार्बनचे प्रमाण अल्पच राहिले.

एका घटकाची टंचाई दूर केली की दुसरा घटक मर्यादा घालू लागतो, हा कृषिविज्ञानातील नियम येथेही लागू पडला. समुद्रात लोह टाकण्याच्या कृतींना २००८ मधील लंडन कराराच्या ठरावाने वैध वैज्ञानिक संशोधनापुरते मर्यादित केले. विस्तृत क्षेत्राचे असे ‘खतपाणी’ केल्यास खोल पाण्यातील ऑक्सिजन आणखी घटण्याची शक्यता असते. आधीच ऑक्सिजनची मोठी तूट असलेल्या अरबी समुद्राच्या बाबतीत ही शक्यता विशेष गंभीर आहे.

बदलते हवामान आणि पुढील प्रश्न

कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने समुद्राचे आम्लीकरण होत आहे. लोहाची टंचाई असताना पाण्याचा सामू घटल्यास ट्रायकोडेस्मियमची वाढ व नत्र-स्थिरीकरण मंदावते, असे २०१२ मधील एका अभ्यासात दिसून आले. दुसरीकडे, पृष्ठभागावरील तापमानवाढीने पाण्याचे थर अधिक स्थिर होतात व खालून नायट्रेट वर येणे कमी होते. ही परिस्थिती नत्र स्थिर करणाऱ्यांना अनुकूल असते. जमिनीचा वापर, पर्जन्यमान व वाऱ्यांचे मार्ग यांनुसार धुळीचे प्रमाणही बदलत राहते. शिवाय दगडी कोळसा व अन्य इंधनांच्या ज्वलनातून येणाऱ्या कणांतील लोह वाळवंटी धुळीतील लोहापेक्षा अधिक विद्राव्य असते. भारतीय उपखंडाच्या परिसरात असे कण मोठ्या प्रमाणावर हवेत मिसळतात. या परस्परविरोधी प्रभावांची बेरीज कोणत्या दिशेने जाईल, हा आजच्या संशोधनाचा विषय आहे. नक्वी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडल्याप्रमाणे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या अखेरीस पश्चिम अरबी समुद्राच्या काही भागांत नायट्रेट शिल्लक असूनही प्लवकांची अपेक्षित वाढ होत नाही व त्यामागे लोहाची मर्यादा असावी. धुळीने वेढलेल्या समुद्रातही लोह कमी पडू शकते, हे यावरून ध्यानात येते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, समुद्रातील लोहाचा प्रश्न मुख्यतः उपलब्धतेचा आहे. दोन, ट्रायकोडेस्मियमच्या वसाहती धुळीचे कण पकडून, केंद्राकडे नेऊन, उपयुक्त कण राखून व सहवासी जीवाणूंच्या साहाय्याने विरघळवून ही उपलब्धता स्वतः निर्माण करतात. तीन, विनत्रीकरणाने नत्र गमावणाऱ्या अरबी समुद्रात अशा नत्र-स्थिरीकरणाला विशेष महत्त्व आहे आणि कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील सागरी जीवनाशी त्याचा संबंध आहे. चार, एकच घटक बाहेरून पुरवून ही व्यवस्था हवी तशी वळविता येत नाही, हे लोहाफेक्सने दाखवून दिले आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने हा विषय अनेक विद्याशाखांना जोडणारा आहे. लोहाच्या विद्राव्यतेसाठी रसायनशास्त्र, धुळीच्या प्रवासासाठी भूगोल, कणांच्या अवसादनासाठी भौतिकशास्त्र, वसाहतीच्या अभ्यासासाठी वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र आणि समुद्रात लोह टाकावे की नाही यासाठी आंतरराष्ट्रीय कायदा यांची गरज पडते. समुद्रापासून सह्याद्रीच्या रांगेने अलग झालेल्या कोल्हापूरसारख्या ठिकाणीही त्याची सुरुवात करता येईल. केवडा पडलेल्या उसाचे पान, जांभ्याचा तुकडा आणि चिमूटभर हिराकस एवढ्या साहित्यावर या प्रश्नाचा मूळ गाभा विद्यार्थ्यांना वर्गात समजावून देता येतो.